पूरक की पर्याय?

आठवड्याच्या बाजाराचा दिवस. भाजीच्या पालांपलीकडे, जिथे दोरखंड, विळे-कोयते आणि मसाल्याची दुकाने लागतात, तिथे एक माणूस ध्वनिक्षेपक लावून बसलेला असतो. त्याच्यापुढे बरण्या मांडलेल्या असतात. एकीत कारल्याची पूड, दुसरीत जांभळाच्या बियांची, तिसरीत 'सर्व जीवनसत्त्वे असलेली' हिरवट पूड. "साखर असो, ब्लडप्रेशर असो, एकवीस दिवस घ्या आणि डॉक्टरच्या गोळ्या उकिरड्यावर टाका!" असे तो ओरडून सांगत असतो. हाच माणूस आता मोबाइलच्या पडद्यावरही भेटतो. तिथे पूड चकचकीत डब्यात असते आणि किंमत कितीतरी पट जास्त असते, एवढाच काय तो फरक.

अशा वेळी बरोबर आलेले आजोबा तुम्हाला विचारतात, "काय रे, तू नववीत विज्ञान शिकतोस ना? मग सांग बघू, घेऊ का ही पूड? रोज गोळ्या खाऊन खाऊन कंटाळा आलाय बघ."

आता काय उत्तर द्याल? "घ्या" म्हणालात आणि आजोबांनी खरोखरच गोळ्या बंद केल्या, तर त्याचा परिणाम त्यांच्या हृदयावर, डोळ्यांवर, मूत्रपिंडांवर होऊ शकतो. "हे सगळे थोतांड आहे" म्हणालात, तर तेही पूर्ण खरे नाही. कारण दर आठवड्याला शाळेत तुम्ही जी निळी गोळी घेता, तिच्यात लोह आणि फॉलिक आम्ल असते. म्हणजे तीही एक पूरक गोळीच आहे आणि ती उपयोगी आहे हे सिद्ध झालेले आहे.

मग पूरक केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा नाही? हे ओळखण्याची एक सोपी किल्ली आहे. ती या लेखात आपण शोधू.

लिंबाचा विजय

शरीराला काही पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात लागतात, पण ते त्याला स्वतःला तयार करता येत नाहीत. जीवनसत्त्वे आणि लोह, आयोडीन यांसारखी खनिजे ही त्याची उदाहरणे. ती अन्नातून मिळाली नाहीत, तर रोग होतो. अन्नातून कमी पडणारा असा पदार्थ गोळी, पूड किंवा द्रव रूपात वेगळा घेतला, की त्याला आपण 'पूरक' म्हणतो. या शब्दातच त्याचा अर्थ आहे. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे.

अठराव्या शतकात लांबच्या सफरीवरील खलाशांना स्कर्व्ही हा रोग होई. हिरड्यांतून रक्त येई, जखमा भरत नसत, माणसे मरत. इ. स. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' नावाच्या ब्रिटिश जहाजावर जेम्स लिंड या वैद्याने १२ आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांचे जेवण सारखेच ठेवले. मात्र प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला सफरचंदाची आंबवलेली कांजी, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी! एका जोडीला संत्री आणि लिंबे मिळाली. जहाजावरची ही फळे सहा दिवसांतच संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक खलाशी कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता.

लिंबात नेमके काय आहे हे लिंडला माहीत नव्हते. क जीवनसत्त्व वेगळे काढले गेले ते १९२८ साली. पण दोन गोष्टी या प्रयोगातून शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की जो रोग उणिवेमुळे होतो, त्यावर ती उणीव भरून काढणे हेच औषध असते. दुसरी अशी, की उपाय खरा की खोटा हे एकट्या रोग्याकडे पाहून कळत नाही. त्यासाठी तुलना करावी लागते.

नगर जिल्ह्यातील भाकरीची परीक्षा

लिंडची हीच रीत वापरून एक सुंदर प्रयोग आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगर जिल्ह्यात झाला. २०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. हा अवर्षणप्रवण भाग. इथे बाजरीची भाकरी ही अनेक घरांतली रोजची पोटभरणी.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या एका जुन्या वाणातून, ज्या झाडांच्या दाण्यांत लोह जास्त आहे ती निवडत निवडत, 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण तयार केले. या दाण्यांत किलोमागे सुमारे ८६ मिलिग्रॅम लोह भरले. तुलनेसाठी घेतलेल्या साध्या बाजरीत ते २१ ते ५२ मिलिग्रॅम होते.

पण दाण्यात लोह जास्त आहे म्हणजे ते रक्तात उतरेलच असे नाही. बाजरीत फायटिक आम्ल असते आणि ते लोहाला धरून ठेवते. तेव्हा परीक्षा घेणे भाग होते. जिल्ह्यातील वसतिगृहांत राहणारी १२ ते १६ वर्षांची २४६ मुले-मुली या परीक्षेत सहभागी झाली. म्हणजे तुमच्याच वयाची. त्यांचे दोन गट केले. कोण कोणत्या गटात जाणार हे कोणाच्या मर्जीवर न ठेवता, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने ठरवले. एका गटाला धनशक्तीच्या पिठाची भाकरी व शेव, तर दुसऱ्याला साध्या बाजरीची भाकरी व शेव. हा क्रम सहा महिने चालला आणि मधूनमधून रक्त तपासले गेले.

प्रयोगाच्या आरंभी शंभरांतल्या सुमारे ४१ मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा कमी होता. चार महिन्यांतच धनशक्तीच्या गटातला साठा साध्या बाजरीच्या गटापेक्षा अधिक वाढलेला दिसला. ज्या मुलांत मुळात उणीव होती, त्यांची उणीव सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता धनशक्तीच्या गटात १.६४ पट होती. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ मध्ये यांपैकी १४० मुलांविषयी आणखी एक अहवाल आला. त्यात धनशक्तीच्या गटातील मुलांची अवधान आणि स्मरण यांच्या चाचण्यांतली प्रगती अधिक असल्याचे आढळले.

आता यातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाचा. ज्यांच्यात आधीपासून लोह कमी होते, त्यांना या भाकरीचा फायदा जास्त झाला. ज्यांचा साठा पुरेसा होता, त्यांना कमी झाला. घागर रिकामी असेल तर ओतलेले पाणी उपयोगी पडते, भरलेल्या घागरीत ओतले तर बाहेर सांडते. आपल्याला हवी असलेली किल्ली हीच. कोणतेही पूरक समोर आले, की पहिला प्रश्न विचारायचा : "उणीव कशाची आहे?"

थोडे गणित

एक मोठी भाकरी थापायला साधारण १०० ग्रॅम पीठ लागते असे धरू. धनशक्तीच्या अशा एका भाकरीत ८.६ मिलिग्रॅम लोह असेल. किलोमागे ४० मिलिग्रॅम लोह असलेल्या साध्या बाजरीच्या भाकरीत ते ४ मिलिग्रॅम असेल.

शाळेतल्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. साठाला सातांनी भागा. उत्तर येते सुमारे ८.६! म्हणजे आठवड्याची एक गोळी आणि रोजची एक धनशक्ती भाकरी यांतले लोह जवळजवळ सारखेच. (गोळीतले आणि भाकरीतले लोह सारख्याच प्रमाणात शोषले जाते असे नाही. पण अंदाजासाठी हे गणित पुरे.)

आता दुसरी बाजू पाहा. एखाद्या मुलीचे हीमोग्लोबिन फारच उतरले, तिला चार पायऱ्या चढताच धाप लागते, तर डॉक्टर तिला आठवड्याला एक नव्हे, रोज लोहाची गोळी देतात. ६० मिलिग्रॅम लोह एका दिवसात भाकरीतून मिळवायचे, तर धनशक्तीच्या सात भाकरी खाव्या लागतील! तेव्हा उणीव टाळायला भाकरी उत्तम, पण खोल गेलेली उणीव लवकर भरायला गोळीच हवी.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक पंडुरोग लोहाच्या उणिवेमुळेच होतो असे नाही. फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी तो होतो. सिकलसेल आणि थॅलॅसेमिया यांत तर दोष आनुवंशिक असतो. थॅलॅसेमियाच्या ज्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात लोह कमी नसते, उलट साठून राहते आणि यकृताला व हृदयाला इजा करते. अशा मुलाला 'रक्त वाढवणारे' टॉनिक पाजणे म्हणजे भरलेल्या घागरीत आणखी ओतणे. रोगाचे नाव सारखे असले, तरी कारण वेगळे असू शकते. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

मधुमेहात उणीव कशाची?

आता आजोबांच्या 'साखरे'कडे वळू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा प्रश्न एकट्या आजोबांचा नाही.

आपल्या किल्लीने कुलूप उघडून पाहू. मधुमेहात कशाची उणीव असते? कारल्याची? मुळीच नाही. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. म्हणजे उणीव आहे ती इन्शुलिनची. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण शरीराच्या पेशी त्याला नीट प्रतिसाद देत नाहीत. पुढे पुढे ते कमीही पडू लागते. मोठ्या वयात बहुधा हाच प्रकार आढळतो.

इन्शुलिन हे प्रथिन आहे. ते तोंडाने घेतले, तर डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते. म्हणून ते टोचून घ्यावे लागते. कारल्यात 'वनस्पतींचे इन्शुलिन' असते अशी जाहिरात केली जाते. तसे प्रथिन त्यात असले, तरी पोटात गेल्यावर त्याचीही गत तीच होणार, हे पचनसंस्थेचे प्रकरण शिकलेल्या विद्यार्थ्याला सहज कळेल.

इन्शुलिन मिळण्यापूर्वी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची मुले काही महिन्यांत किंवा फार तर थोड्या वर्षांत दगावत. त्यांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच उपाय होता. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. पुढे औषध अधिक शुद्ध झाले आणि तो मुलगा आणखी १३ वर्षे जगला. आजही अशा मुलाचे इन्शुलिन बंद करून त्याला पूड दिली, तर काही दिवसांतच रक्तात आम्लता वाढून ते बेशुद्ध पडू शकते. जीवही जाऊ शकतो.

मग कारले आणि मेथी अगदी निरुपयोगी का? तसेही नाही. मेथीच्या दाण्यांतले तंतुमय पदार्थ पिष्टमय पदार्थांचे शोषण सावकाश करतात, त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. जेवणात मेथी, कारले, उसळी असणे चांगलेच आहे. पण कारल्याच्या गोळ्यांनी मधुमेह आटोक्यात येतो का, याविषयीच्या चार तौलनिक चाचण्यांचा एकत्र आढावा २०१२ मध्ये घेतला गेला. त्यांत मिळून ४७९ रोगी होते. औषधाची जागा घेण्याजोगा खात्रीलायक परिणाम त्यात आढळला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दुसऱ्या प्रकारच्या काही रोग्यांच्या गोळ्या खरोखरच थांबतात. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मधुमेह होऊन फार वर्षे न झालेल्या रोग्यांचे वजन आहार बदलून बरेच उतरवले, तेव्हा वर्षाअखेरीस शंभरांतल्या ४६ जणांचा मधुमेह गोळ्यांवाचून आटोक्यात राहिला. पण हे कोणत्या पुडीने झाले नाही. कमी खाण्याने आणि वजन उतरवण्याने झाले, आणि तेही वैद्यकीय देखरेखीखाली.

वनस्पतीचे औषध कसे होते?

"अहो, आपले पूर्वज झाडपाल्यानेच बरे होत ना?" असे कोणी म्हणेल. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मुंबईत सापडते.

सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदाला फार पूर्वीपासून माहीत आहे. डॉ. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रोग्यांना दिली, त्यांच्या रक्तदाबाच्या काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या मासिकात निष्कर्ष छापले. रक्तदाब खरोखरच उतरत होता. साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे केले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही आजची सर्वत्र वापरली जाणारी गोळी घ्या. तिचे मूळही गॅलेगा या युरोपातल्या वनस्पतीतील एका द्रव्यापर्यंत जाते. त्या धर्तीवर बनवलेले मेटफॉर्मिन झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ साली मधुमेहासाठी वापरात आणले.

म्हणजे झाडपाला आणि गोळी हे एकमेकांचे वैरी नव्हेत. वनस्पतीतले द्रव्य ओळखले, मापले, किती दिल्यावर गुण येतो आणि किती दिल्यावर अपाय होतो हे तपासले, की तिचेच औषध होते. रेसर्पिनचेही तसेच झाले. जास्त मात्रेत त्याने काही रोग्यांना खिन्नता येते असे दिसले आणि पुढे अधिक चांगली औषधे मिळाल्यावर त्याचा वापर कमी झाला. बाजारातल्या पुडीची मात्र अशी परीक्षा झालेली नसते. तिच्या एका चमच्यात काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक?

जीवनसत्त्व आहे, मग जास्त घेतले तर बिघडले कुठे? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष बाहेर आले तेव्हा सर्वजण चकित झाले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला! गाजर खाणे आणि त्यातले एकच द्रव्य वर्षानुवर्षे मोठ्या मात्रेत गिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूरके औषधांच्या कामातही ढवळाढवळ करतात. थायरॉइडच्या गोळीबरोबरच लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घेतली, तर थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही. दोन्हींत सुमारे चार तासांचे अंतर ठेवावे लागते. काही 'वनौषधी' पुडींत तर साखर उतरवणारी नेहमीची औषधेच गुपचूप मिसळलेली असल्याचे अनेक देशांत तपासणीत उघडकीस आले आहे. अशी पूड आणि डॉक्टरची गोळी एकाच वेळी पोटात गेली, तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते.

उलट, पूरक आणि औषध यांची छान जोडीही जमते. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्याने काहींच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. मग डॉक्टर मेटफॉर्मिन चालू ठेवून ब-१२ ची गोळी जोडीला देतात. इथे पूरक औषधाच्या शेजारी बसते, त्याच्या जागेवर नाही.

"मला गुण आला!"

पूड विकणाऱ्याकडे साक्षीदार असतातच. "मी घेतली, माझी साखर उतरली." हा माणूस खोटे बोलतो असे नाही. पण साखर उतरण्याची इतरही कारणे असू शकतात. पूड घेऊ लागल्यावर त्याने चहातली साखर सोडली असेल. गोळ्या त्याने बंद केल्याच नसतील. शिवाय साखर आणि रक्तदाब दर दिवशी, दर तासाला थोडे बदलतात. माणूस नवा उपाय शोधतो तो आकडा फार चढल्यावर, आणि चढलेला आकडा पुढल्या खेपेला बहुधा थोडा उतरतोच. त्याचे श्रेय पुडीला मिळते. ज्यांचे नुकसान झाले ते मात्र साक्ष द्यायला बाजारात परत येत नाहीत. नगर जिल्ह्यातल्या प्रयोगात दुसरा गट कशासाठी ठेवला होता, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

रक्तदाबाच्या बाबतीत तर स्वतःच्या भावनेवर विसंबताच येत नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही. गोळी बंद करूनही "बरे वाटते", आणि एके दिवशी अचानक पक्षाघाताचा झटका येतो. रक्तदाब मोजायचा असतो, वाटून घ्यायचा नसतो.

मोजण्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते असेही नाही. याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांपैकी कितीतरी जणींना लिहिता-वाचताही येत नव्हते. तरी त्या गावाच्या आरोग्याची राखण करू लागल्या. या कामासाठी दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षर बाई हे शिकू शकली, तर नववीचा विद्यार्थी का नाही?

आजोबांना काय सांगाल?

आधी त्यांचा कंटाळा समजून घ्या. रोज गोळ्या गिळणे त्रासाचे असते, खर्चाचेही असते. मग म्हणा, "आजोबा, कारल्याची भाजी आपण अवश्य खाऊ. पण तुमच्या शरीरात कारल्याची उणीव नाही. तेव्हा ती गोळीच्या जोडीला चालेल, गोळीच्या जागी नाही. गोळ्या बंद करू नका. आपण आरोग्य केंद्रात जाऊ, साखर आणि रक्तदाब मोजून घेऊ. पूड घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना दाखवू. गोळ्या कमी करता येतील का, स्वस्त मिळतील का, हेही त्यांनाच विचारू."

आणि डबा चकचकीत असेल, तर त्यावरची बारीक अक्षरे त्यांना वाचून दाखवा. नियमांनुसार आपल्या देशात आरोग्यपूरकांच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. मधुमेह, रक्तदाब अशा रोगांवर रामबाण उपाय म्हणून जाहिरात करण्याला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. विक्रेता मोठ्याने जे सांगतो, त्याच्या अगदी उलट त्याच्याच डब्यावर लहान अक्षरांत लिहिलेले असते!

करून पहा

दोन परीक्षानळ्यांत दुधाशिवायचा, गार झालेला चहा घ्या. एकीत प्रयोगशाळेतील हिराकशीचे (फेरस सल्फेटचे) थोडे द्रावण घाला. चहा काळसर होतो. चहातल्या टॅनिनने लोहाला धरून ठेवले. आता त्यात लिंबाचा रस पिळा. काळा रंग फिका होऊ लागेल. लोहाची गोळी चहाबरोबर का घेऊ नये आणि भाकरीबरोबर लिंबू का असावे, हे यावरून सांगा. (हे द्रावण पिऊ नये. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.)

विचार करा

१. घरातील किंवा दुकानातील एका पूरकाच्या डब्यावरील मजकूर वहीत उतरवा. त्यात कोणता पदार्थ किती मिलिग्रॅम आहे? वर सांगितलेली सूचना कोठे आणि किती मोठ्या अक्षरांत आहे?

२. किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह असलेल्या बाजरीच्या रोज तीन भाकरी खाल्ल्या, तर आठवड्यात किती मिलिग्रॅम लोह पोटात जाईल? त्यातले शंभरांपैकी ७ भागच शोषले गेले, तर किती उरेल?

३. एका विक्रेत्याने सांगितले, "माझ्या पुडीने १०० पैकी ६० लोकांची साखर उतरली." या वाक्यात कोणती माहिती राहिली आहे? ती मिळवण्यासाठी तुम्ही चाचणी कशी आखाल? तुमच्या आखणीत दुसरा गट कोणता असेल?